इंजिन बसलं, वायरिंगचं काय?

अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल, पेट्रोल जीपमध्ये प्यूजो, हजार सीसीच्या जिप्सीत तेराशेचं एमपीएफआय. जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायची रीत आपल्या गॅरेजांत निदान चार दशकांची आहे. या कामाच्या गप्पा निघाल्या की माउंटिंग कसं बनवलं, गिअरबॉक्स कसा जुळवला, प्रॉपेलर शाफ्ट कुठे कापला, हे सगळं रंगवून सांगितलं जातं. वायरिंगच्या वाट्याला एकच वाक्य येतं : ‘मग वायरमनने जोडून दिलं.’ गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात अडकून पडते ती बहुधा याच वाक्यापाशी. लोखंडाचं माप चुकलं तर डोळ्यांना दिसतं, कापून पुन्हा वेल्ड करता येतं. चुकलेली वायर दिसत नाही. कधी काहीच होत नाही, कधी एकदम धूर निघतो.

मागे वळून पाहिलं तर इंजिन बसवण्याचं काम या काळात फारसं बदललेलं नाही. चेन ब्लॉक तोच, वेल्डिंग तेच. वायरिंग जुळवण्याचं काम मात्र तीनदा बदललं.

पहिला जमाना पॉइंट आणि कंडेन्सरचा. हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं, महिंद्राच्या जीपमधलं हरिकेन पेट्रोल. या इंजिनांना चालण्यासाठी वीज लागायची ती ठिणगीपुरती. सेल्फची जाड केबल, चावीवरून कॉइलला जाणारी वायर, डायनॅमोच्या दोन, ऑइल आणि टेंपरेचरची एकेक. इंजिनाकडे जाणारा सगळा जुडगा एका मुठीत मावायचा. त्यामुळे न जुळण्यासारख्या गोष्टीही दोनच होत्या : व्होल्टेज आणि अर्थिंग.

युद्धकाळातली विलीज जीप सहा व्होल्टवर चालायची. मॉरिस घराण्यातल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. अशा गाडीत पुढच्या काळातलं इंजिन आलं की आधी गाडीची अर्थिंग उलटवावी लागे. त्यात घाबरण्यासारखं फार नसे. सेल्फच्या मोटरला प्लस-मायनस उलट झाल्याने फरक पडत नाही, ती त्याच दिशेने फिरते. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, अँपियर मीटरच्या उलटवायच्या आणि डायनॅमोच्या फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्याची चुंबकी दिशा बदलायची. आल्टरनेटर आल्यावर ही सवलत संपली. त्यातले डायोड उलटी बॅटरी सहन करत नाहीत, वायर टेकताक्षणी जळतात. डायनॅमोच्या सवयीने ‘लावून बघू’ म्हणणाऱ्यांना आल्टरनेटरने ही शिस्त पैसे घेऊन शिकवली.

कॉइलचीही एक गंमत होती. काही इंजिनांची कॉइल पूर्ण बारा व्होल्टची नसते. तिच्या आधी एक रेझिस्टर असतो, आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरती वेगळ्या वायरने तिला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. मूळ गाडीत ही व्यवस्था नसेल तर दोनपैकी एक होतं. रेझिस्टर विसरला तर पॉइंट जळत राहतात. रेझिस्टर लावला पण त्याच्या पुढची वायर तुटकी असली तर सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडली की बंद पडतं. हे लक्षण एकदा पाहिलेला मेकॅनिक पुन्हा कार्ब्युरेटर खोलून बसत नाही.

दुसरा जमाना डिझेलचा. ऐंशीच्या दशकात पेट्रोल आणि डिझेलच्या भावातल्या तफावतीने टुरिस्ट आणि टॅक्सीवाल्यांना डिझेलकडे ढकललं. महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर डिझेल इंजिनं आणली, अँबेसिडर कंपनीतूनच डिझेलमध्ये मिळू लागली, आणि ज्यांच्याकडे आधीच पेट्रोल गाडी होती त्यांनी भंगारातून डिझेल उचललं. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणजे वायरिंग सोपं, असा समज होता. तो उलटा निघाला. डिझेलने वायरींची संख्या कमी केली, पण करंट वाढवला.

चार हीटर प्लग मिळून सुरुवातीला चाळीस-पन्नास अँपियर सहज ओढतात. पेट्रोल गाडीच्या चावीच्या स्विचमधून एवढा करंट न्यायचा नसतो. नेला तर स्विच आतून वितळतो. उपाय रिलेचा. रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ हे जर्मन आकडे असतात. ३० ला बॅटरी, ८७ मधून काम करणारा करंट बाहेर, ८५ आणि ८६ या त्याला चालू-बंद करणाऱ्या बारीक वायरी. हे चार आकडे पाठ झाले तेव्हा आपला वायरमन खऱ्या अर्थाने ऑटो इलेक्ट्रिशियन झाला. रोटरी पंपाच्या इंजिनांत स्टॉप सोलेनॉइडही आला. त्याला चावीचा प्लस पोहोचला नाही तर डिझेल उघडतच नाही, आणि कायमचा प्लस दिला तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही.

अँपियर मीटर हा या जमान्यातला छुपा धोका. जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या मीटरमधून फिरून बॅटरीकडे जायचा. लुकासचा डायनॅमो बावीस अँपियरचा असे, त्या हिशेबाने वायर आणि मीटर ठीक. त्याच वायरीवर पन्नासच्या पुढचा आल्टरनेटर चढवला की डॅशबोर्डच्या मागे वायर तापते. आगी लागल्या त्या अशा जागी. आल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीकडे न्यायची, मधे फ्यूज द्यायचा आणि मीटरऐवजी व्होल्टमीटर बसवायचा, हा धडा बऱ्याच गॅरेजांनी नुकसान सोसून घेतला. चार्जिंगचा दिवाही नुसता दिवा नसतो. बऱ्याच आल्टरनेटरना जागं करणारा पहिला करंट त्या बल्बमधूनच येतो. जुन्या डॅशबोर्डवर बल्बच नसला की आल्टरनेटर बदलूनही चार्जिंग होत नाही.

रंगांचा घोळ याच काळात वाढला. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून फ्यूजशिवाय आलेला थेट प्लस, काळी म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजेच अर्थ. एका घराण्याची गाडी आणि दुसऱ्या घराण्याचं इंजिन अशी सोयरीक असेल तर ‘रंगाला रंग जोडला’ हे वाक्य थेट शॉर्ट सर्किटकडे नेतं. जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प म्हणूनच रंगाच्या तक्त्यापेक्षा भरवशाचा होता.

सगळ्या जमान्यांत टिकून राहिलेला दोष मात्र अर्थचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते बॉडीपासून तुटलेलंच असतं. दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी. जुनं इंजिन उतरवताना ती सोडतात आणि नव्या इंजिनावर तिच्यासाठी बोल्ट सापडला नाही की ती तशीच लोंबत राहते. मग सेल्फ मारला की शे-दीडशे अँपियरचा करंट बॅटरीकडे परतायची वाट शोधतो आणि ती त्याला अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून सापडते. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं, पेडल जड होतं. मालक केबल बदलून घेतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. तपासणी अगदी साधी आहे : मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर दोष सापडला.

तिसरा जमाना एमपीएफआयने, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल देणाऱ्या पद्धतीने, आणला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर राजधानी परिसरात प्रदूषणाची युरो मानकं वेळेआधी आली आणि २००० पासून देशभर कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मारुतीची जिप्सी हे याचं उत्तम उदाहरण. १९८५ मध्ये ती ९७० सीसीच्या कार्ब्युरेटर इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची झाली आणि २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचं सुमारे ऐंशी हॉर्सपॉवरचं एमपीएफआय तिला मिळालं. जुनी जिप्सी आणि नवं तेराशे ही जोडी डोंगरात फिरणाऱ्यांनी उचलून धरली. पण हे इंजिन आता एकटं येत नव्हतं, सोबत कॉम्प्युटर आणत होतं.

इथे पहिल्यांदा वायरमन बिचकला. पन्नास-साठ पिनांचा कपलर पाहून अनेकांनी एमपीएफआय इंजिनावर कार्ब्युरेटरच चढवून दिला. ज्यांनी धीर धरला त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या बहुतेक वायरी इंजिनापासून कॉम्प्युटरपर्यंत जातात आणि तिथेच संपतात. सेन्सर, इंजेक्टर, कॉइल यांचं गाडीशी देणंघेणं नाही. इंजिनाचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, न कापता अख्खा आणला तर गाडीशी जोडायच्या वायरी आठ-दहाच उरतात : कायमचा प्लस, चावीचा प्लस, अर्थ, पंपाचा रिले, चेक लाइट, एसीचा सिग्नल, स्पीडचा सिग्नल, मीटरच्या एक-दोन. या आठ-दहा वायरींचा कागदावर तक्ता केला की काम अर्धं होतं. तक्त्यात रंगाबरोबर आणखी एक रकाना हवा : चावी ऑनवर असताना प्लस आहे का, आणि स्टार्टवर असतानाही आहे का.

हा रकाना महत्त्वाचा, कारण जुन्या चावीच्या स्विचमध्ये काही वायरी सेल्फ मारताना मुद्दाम तोडलेल्या असतात. कॉम्प्युटरचा प्लस नेमका अशा वायरीवर घेतला तर इंजिन कितीही फिरलं तरी पेटत नाही, आणि चावी सोडताना एकदाच फुटकन आवाज करतं. इंजेक्टर, पंप, सेन्सर सगळं बदलून झाल्यावर कुणीतरी टेस्ट लॅम्प लावतो आणि सेल्फ मारताना दिवा विझतो. दोष चाळीस रुपयांच्या वायरीचा असतो.

गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या बाबतीत तर कामचलाऊपणा जिवावर बेतू शकतो. कार्ब्युरेटरचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, एमपीएफआयला साधारण तीन बार लागतो, म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि नव्या पाइपा अटळ. कॉम्प्युटर हा पंप चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. रिलेची ही वायर सापडली नाही म्हणून पंप सरळ चावीवर टाकायची रूढी पडली. गाडी चालते, तक्रार येत नाही. पण अपघातात इंजिन बंद पडलं आणि पाइप फुटली तर तो पंप तीन बारच्या दाबाने पेट्रोल फेकत राहतो. अशी जोडणी केलेली गाडी घेऊ नये, घेतली असेल तर आधी ती जोडणी बदलून घ्यावी.

मीटरचे प्रश्न त्यामानाने किरकोळ. नव्या इंजिनाचा टेंपरेचर सेन्सर जुन्या काट्याला चुकीचा आकडा सांगतो. त्यावर तोड म्हणजे जुन्या गाडीचाच सेंडर नव्या इंजिनावर आटे जुळवून बसवणं आणि कॉम्प्युटरचा सेन्सर वेगळा ठेवणं. आरपीएमचा काटा कॉइलचे ठोके मोजतो. कॉइल चार झाल्या की तो अर्धाच किंवा त्याहून कमी दाखवतो.

गेल्या दीड दशकात चौथी पायरी आली आणि तिने प्रश्नच बदलला. बीएस-४ मानकांबरोबर ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवणं, सक्तीचं झालं, चावीत चिप आली, अ‍ॅक्सिलरेटरची केबल गेली. चावीची चिप, कुलपाभोवतीची कडी, इमोबिलायझर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांचा कोड एकच असावा लागतो. त्यातलं एक भंगारवाल्याकडे राहिलं तर सगळं जोडूनही इंजिन पेटत नाही. केबलच्या जागी पेडलमध्येच सेन्सर असल्याने पेडलही मूळ गाडीचंच आणावं लागतं. त्यात भर कॅनची. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पीळ दिलेल्या दोन वायरींवर गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. जुन्या गाडीत एबीएस नाही, डिजिटल मीटर नाही; इंजिनाचा कॉम्प्युटर विचारतो आणि उत्तर येत नाही, मग तो ताकद कमी करून चेक लाइट पेटवतो. सगळ्या वायरी बरोबर जोडलेल्या असूनही गाडी चालत नाही, हे आधीच्या पिढीला पटणारच नाही. या जाळ्याची एक तपासणी तरी टेस्ट लॅम्पइतकीच सोपी आहे : बॅटरी काढून दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा. दोन्ही टोकांना १२० ओहम असल्याने साठ यायला हवेत. एकशेवीस आले तर एक टोक तुटलेलं आहे.

यातून सुटायला आता तीन वाटा रुळल्या आहेत. मूळ गाडीचे सगळे मॉड्यूल आणून लपवून बसवणं, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून इमोबिलायझर आणि इतर मागण्या काढून टाकणं, किंवा कंपनीचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून स्वतंत्र कॉम्प्युटर (ईसीयू) लावणं. बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकनांनी २००१ मध्ये आणलेल्या मेगास्क्वर्ट या ईसीयूने तिसरी वाट हौशी माणसालाही परवडेल अशी केली. पहिली वाट खटपटीची पण भरवशाची, दुसरी सोपी पण करणाऱ्यावर अवलंबून, तिसरी स्वच्छ पण ट्यूनिंग जाणणाऱ्यालाच झेपणारी. साध्या रोजच्या गाडीसाठी माझं मत पहिल्या वाटेला.

कायद्याचं भान या सगळ्याआधी हवं. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर नेणाऱ्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली आहे. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. अशा गाडीचं इंजिन बदलण्याआधी दहादा विचार करावा.

परवानगी हातात असेल आणि इंजिन शोधायला कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाणार असाल तर नुसत्या इंजिनाचा सौदा करू नका. हार्नेस न कापलेला, कॉम्प्युटर, रिले बॉक्स, चावी, कुलपाची कडी आणि पेडल हे सगळं एकाच गाडीचं मागा, आणि जमलं तर ती गाडी उभी असतानाच चालू करून बघा. काम झालं की वायरींचा तक्ता लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वायरमनला तो लागेलच.