रुग्णवाहिका आणि तिच्यामागची माणसे

ओवे गाव, ओवे कॅम्प आणि ओवे पेठ या पनवेलमधील वस्त्या आता खारघरच्या सेक्टरांना इतक्या खेटल्या आहेत की गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे नवख्याला सांगता येणार नाही. मात्र आजारी माणसाला उचलून न्यायची वेळ आली की ही सीमा तत्काळ जाणवते, कारण सेक्टरांचे रस्ते आखून केलेले आहेत आणि गावठाणातील बोळ घरांच्या मधून वाट काढत गेलेले आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका पनवेलला स्थापन झाली, कारभार बदलला, बोळांची रुंदी मात्र तेवढीच राहिली. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत, पलीकडे तळोजा औद्योगिक वसाहत आहे आणि कळंबोलीजवळ सायन-पनवेल महामार्ग पुण्याच्या द्रुतगती मार्गाला मिळतो. म्हणजे बाळंतपण, कारखान्यातील दुखापत, रस्त्यावरचा अपघात आणि म्हाताऱ्या माणसाची मध्यरात्रीची धाप हे सारे एका लहान टापूत येते.

अशा आणीबाणीसाठी महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. तिच्या आरंभीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्या ‘प्रगत जीवनरक्षण’ प्रकारच्या, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र असलेल्या होत्या, तर उरलेल्या ७०४ ‘मूलभूत जीवनरक्षण’ प्रकारच्या, म्हणजे प्राणवायू व प्राथमिक उपचारांपुरत्या सज्ज होत्या. गर्भवती आणि अर्भकांसाठी १०२ हा वेगळा क्रमांक आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण, पायाला प्लास्टर घालून घरी परतणारी आजी किंवा केमोथेरपीनंतर रिक्षात बसू न शकणारा माणूस हे या व्यवस्थेच्या व्याख्येत ‘आपत्कालीन’ नसतात, आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकेचे निम्मे काम नेमके इथेच असते. ओवे कॅम्पलगत टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था असल्याने दूरदूरचे रुग्ण या भागात मुक्कामाला येतात, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते.

अशी सेवा उभी राहते ती बहुधा मंडळाच्या किंवा सार्वजनिक न्यासाच्या नावावर. गाडी मिळणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे, कारण एखादा देणगीदार, किंवा कंपनी कायदा २०१३ नुसार नफ्याचा ठरावीक वाटा समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक असलेला एखादा कारखाना ती देऊ शकतो. लोकार्पणाचा नारळ फुटतो, छायाचित्रे छापून येतात. त्यानंतर डिझेल, विमा, टायर आणि चालकाचा पगार यांचा खर्च दरमहा येत राहतो, आणि त्यासाठी मात्र कोणी फीत कापत नाही. म्हणून अनेक ठिकाणी रुग्णाकडून केवळ इंधनाचा खर्च घेतला जातो आणि गरिबाला तोही माफ केला जातो. ‘एआयएस-१२५’ या वाहन मानकाने रुग्णवाहिकांचे अ, ब, क, ड असे चार प्रकार ठरवले आहेत. त्यांतील ‘ब’ हा फक्त रुग्ण नेण्याचा, ‘क’ मूलभूत आणि ‘ड’ प्रगत जीवनरक्षणाचा आहे. स्थानिक मंडळाला ‘ब’ किंवा ‘क’ झेपते. ‘ड’ चालवण्यासाठी प्रशिक्षित वैद्यकीय मनुष्यबळ रात्रंदिवस लागत असल्याने त्या मोहात न पडलेले बरे.

फोन आल्यावर पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट चालतो आहे का. उत्तर नकारार्थी असल्यास १०८ ला कळवायचे आणि जवळचा स्वयंसेवक आधी पायी धाडायचा, कारण हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणे व विजेचा झटका लांबला तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते आणि स्ट्रेचर घेऊन माणसे आत जातात. डोंगरावरील वाड्यांत तर कधी झोळीच करावी लागते. प्राणवायूचा हिशेबही चालकाला तोंडपाठ असावा लागतो: ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो, तो मिनिटाला १० लिटर या वेगाने दिल्यास अडीच तास पुरतो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर वाहतूक कोंडीत तो मुंबईपर्यंत पुरेलच असे नाही.

याहून कठीण निर्णय कोणते रुग्णालय गाठायचे याचा असतो. सर्वांत जवळची मोठी इमारत कर्करोगाची असल्यामुळे हृदयविकाराच्या रुग्णाला कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढण्याची सोय असलेल्या अन्य ठिकाणी न्यावे लागते. तेथे खाट आहे की नाही हे गाडी निघण्याआधी फोनवर विचारणारा एक माणूस घरी बसलेला असतो. लोकांना तो कधी दिसत नाही, पण सेवेची गुणवत्ता बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरते.

शेजाऱ्यांनी चालवलेल्या रुग्णवाहिकेने देशाच्या व्यवस्थेला धडा दिल्याचे उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्गचे आहे, जेथे १९६७ मध्ये कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुणांना प्रशिक्षण देऊन सुरू झालेल्या ‘फ्रीडम हाउस’ सेवेने आजच्या पॅरामेडिक व्यवसायाचा पाया घातला. कोकणात नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराज संस्थानाच्या विनामूल्य रुग्णवाहिका महामार्गांवर उभ्या असतात, आणि खोपोलीच्या ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या गटाचे सदस्य द्रुतगती मार्गावर मदतीला धावतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खालापूर परिसरातील अशाच गटांनी आणि गिर्यारोहकांनी डोंगर चढून मदत केली.

पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने पूर्वी लोक जखमीला हात लावत नसत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, त्यामुळे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना नामनिर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळण्याची केंद्रीय योजनाही लागू आहे. परिणामी अपघाताच्या फेरीवर निघताना पुरेसा प्राणवायू आणि भरलेली टाकी यांच्या जोडीला नामनिर्देशित रुग्णालयांची अद्ययावत यादी गाडीत असणे आवश्यक झाले आहे.