कांदा-लसूण वजा, चव बाकी!

हिंजवडीतल्या एका ऑफिसात मुलाखत घ्यायला गेले होते. समोर गरमागरम कांदेपोहे, त्यावर खोबरं-कोथिंबीर, शेजारी वाफाळता चहा. अशा वेळी नाही म्हणणाऱ्यातली मी नव्हेच! प्लेट चाटूनपुसून साफ केली, रेकॉर्डर ऑन केला आणि पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळायच्या आत पोटात ड्रम वाजायला लागले. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं, तर पाऊण तासात तीन वेळा खुर्ची सरकल्याचा आवाज आणि तीन वेळा माझं ‘एक्सक्यूज मी’. मुलाखत देणारा बिचारा सभ्य होता. पण पुढचं काम तिथून आलं नाही. का आलं नाही, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

हे काही एक दिवसाचं नव्हतं. दोन वर्षं माझा सगळा दिवस टॉयलेट कुठे आहे या एका प्रश्नाभोवती फिरत होता. मल्टिप्लेक्समध्ये कोपऱ्यातली सीट, बसऐवजी रिक्षा, ट्रिपला ‘तुम्ही जा रे, मला डेडलाइन आहे’. तुमच्यापैकी काहींनी आत्ता मान डोलावली असेल, मला माहीत आहे. या विषयावर ऑफिसात कुणी बोलत नाही. सगळे फक्त ‘ॲसिडिटी आहे यार’ म्हणतात आणि डबा बंद करतात.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, इतर तपासण्या केल्या. रिपोर्ट एकदम स्वच्छ! मला वाटलं, आता हे म्हणणार, ‘सगळं मनाचं आहे.’ पण ते म्हणाले, ‘आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. त्रास खरा आहे, फक्त रिपोर्टमध्ये दिसत नाही.’ त्या एका वाक्यावर मला रडूच आलं.

फॉडमॅप नावाची भानगड

डॉक्टरांनी एक शब्द कागदावर लिहून दिला: फॉडमॅप. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 मध्ये हे नाव एका शोधनिबंधात मांडलं. ज्या छोट्या साखळीच्या साखरा आपल्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्यांच्या गटाचं हे नाव. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन्स, दुधातला लॅक्टोज, आंब्यातला जादाचा फ्रुक्टोज, राजमा-छोल्यांतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, फ्लॉवर-मशरूममधला मॅनिटॉल, शुगर-फ्री च्युइंगममधला सॉर्बिटॉल. नावं डोक्यावरून गेली तरी चालेल, फंडा सोपा आहे. या साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात. मग गॅस. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. फरक इतकाच, की आयबीएसवाल्यांची आतडी फार हळवी असतात. इतरांना जे कळतही नाही, त्याची आमच्या पोटात बोंबाबोंब होते.

उपाय? 2 ते 6 आठवडे या साखरा भरपूर असलेले पदार्थ बंद. मग एकेक गट परत खाऊन बघायचा आणि आपल्याला नेमकं काय सोसत नाही ते शोधायचं. म्हणजे हे डाएट कमी आणि डिटेक्टिव्हगिरी जास्त!

पण मी अतिशहाणी. आहारतज्ज्ञ कशाला, नेट आहे की! यादी डाउनलोड केली आणि त्यातलं सगळं सोडून दिलं. ते 6 आठवडे नाही, तब्बल तीन महिने. भात, बटाटा, काकडी, भात, बटाटा, काकडी. पोट शांत झालं, पण चार किलो वजन गेलं आणि संध्याकाळी चक्कर यायला लागली. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, तर त्यांनी डोक्याला हात लावला. ‘अहो, तुम्ही पहिल्या पायरीवरच संसार थाटलात! त्यातून तुम्हाला स्वयंपाक येतोय असंही दिसत नाही.’

दोन्ही आरोप खरे होते.

आईचा डबा आणि अबोला

खरी लढाई पुढेच होती. मी कोल्हापूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात आई वर्षाचा कांदा-लसूण मसाला करते. कांदा वाळवून, लसूण-खोबरं भाजून, घरभर ठसका. त्यातला दोन किलोचा डबा पुण्याला माझ्याकडे येतो. त्या वर्षी मी फोनवर म्हणाले, ‘आई, या वेळी मसाला पाठवू नकोस. मला कांदा-लसूण बंद आहे.’

पलीकडे शांतता. मग, ‘खातीस तरी काय मग?’

मी यादी वाचली. कांदा नाही, लसूण नाही, चपाती नाही, पिठलं नाही, चवळी नाही, दूध नाही...

‘पिठलंसुद्धा नाही?’ एवढं म्हणून तिने फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस फोनवर फक्त हवापाणी. मी तिचा मसाला नको म्हटला नव्हता, पण तिने ऐकलं ते तेच. आपल्याकडे जेवण नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

आणि मग एका रविवारी आई थेट दारात. हातात पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, सुकं खोबरं. ‘यादी दाव,’ म्हणाली. चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि म्हणाली, ‘अगं, ह्यात एवढं रडण्यासारखं काय आहे? चातुर्मास समज की!’

मी बघतच राहिले. खरंच की! आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, पोटभर कांदाभजी खायची आणि पुढे कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. ज्या घरांत हे पाळतात, तिथे चार महिने कुणी उपाशी मरत नाही. सणाच्या नैवेद्याच्या पानात कुठे असतो कांदा? तरी आपण दोनदा वाढून घेतोच ना?

कांद्याचं काम काय?

त्या दिवशी आईने मला एक प्रश्न विचारायला शिकवला आणि तोच या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. एखादा जिन्नस बंद झाला, की त्याच्या जागी दुसरं काय घालू असं विचारायचं नाही. तो जिन्नस त्या पदार्थात काम काय करत होता, हे विचारायचं.

पोहे : पोह्यांत कांदा ओलावा देतो, थोडा गोडवा देतो आणि दाताखाली काहीतरी लागतं. मग ओलावा आणायला पोहे भिजवून झाकण ठेवून दोन वाफा जास्त. गोडव्याला चिमूटभर साखर. दाताखाली शेंगदाणे आणि बटाट्याच्या पातळ काचऱ्या. वास हवा, तर शेवटी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग बारीक चिरून. फ्रुक्टन्स मुख्यतः खालच्या पांढऱ्या कांद्यात असतात, हिरवी पात चालते. मटार मात्र नको. वर लिंबू, खोबरं, कोथिंबीर हवं तसं.

फोडणी : लसणाचं काम वासाचं. इथे विज्ञान आपल्या बाजूने आहे! फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात लसणाच्या चार अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर लालसर करायच्या आणि पाणी, टोमॅटो, भाजी काहीही पडायच्या आत काढून टाकायच्या. तेलात वास राहतो, त्रास पाकळीबरोबर बाहेर जातो. हे तेल रोज ताजं करायचं. बाटलीत भरून ठेवायचं नाही, घरगुती लसूण-तेलात घातक जंतू वाढू शकतात. जोडीला हिंग आहेच. पण डबीवरचं लेबल वाचा, खडा हिंग सोडला तर बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाचं पीठ असलेलं घ्या.

रस्सा : रश्श्यात कांदा दाटपणा आणतो. ते काम सुकं खोबरं, तीळ आणि दाण्याचं कूट छान करतं. आईने त्या दिवशी दोन टेबलस्पून खोबरं, एक टेबलस्पून तीळ, धने, जिरं, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा भाजून वाटलं, लसणाच्या तेलात परतलं, छोटा अर्धा टोमॅटो घातला आणि त्यात बटाटा-फरसबी शिजवली. पहिला घास घेतला आणि मी गप्प! तिखट मात्र नेहमीच्या निम्मं. मिरचीत फॉडमॅप नसले, तरी हळव्या पोटाला झणका नको असतो.

आमटी-खिचडी : डाळ पूर्ण बंद करायची गरज नाही, माप सांभाळायचं. एका माणसाला मुगाची डाळ दीड टेबलस्पून. ती रात्रभर भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण त्रास देणाऱ्या साखरा थोड्या त्या पाण्यात उतरतात. अर्धी वाटी तांदूळ, ही डाळ, जिरं-हिंग-हळद, वर साजूक तूप. ऑफिसातून दमून आल्यावर यापेक्षा भारी काही नाही.

पोळी आणि भाकरी : गव्हाच्या जागी ज्वारी किंवा तांदळाची भाकरी. थापता येत नसेल, तर पीठ उकळत्या पाण्यात मळून प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा. आई बघत नसताना मी तसंच करते. थालीपिठाची भाजणी बंद, कारण त्यात हरभरा डाळ असते. पण ज्वारी-तांदळाच्या पिठात काकडी किसून घातली, तर थालीपीठच होतं. आणि वांग्याचं भरीत! खानदेशी भरतात तर कांद्याची पातच असते. वांगं भाजा, हिरवी पात आणि दाण्याचं कूट घाला, लसणाच्या तेलाची फोडणी द्या. एका वेळी वाटीभर, बस.

ऑफिसात काय?

इथे थोडा निर्लज्जपणा लागतो. कॅन्टीनची ग्रेव्ही म्हणजे कांदा-लसणाचं आगर, ती विसरा. साधा भात, दही थोडंसं, काकडी, उकडलेली अंडी, इडली. इडलीबरोबर सांबार नको, खोबऱ्याची चटणी चालेल, पण त्यात डाळं आहे का ते विचारून घ्या. चहासाठी लॅक्टोज-फ्री दूध आता सुपरमार्केटमध्ये मिळतं. मी छोटा पॅक बॅगेतच ठेवते. पहिल्या आठवड्यात सगळे हसतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी एकटं गाठून हळूच विचारतं, ‘ते तुझं डाएट... मला पण जरा सांगशील?’

हे आधी वाचा!

- पोटदुखी म्हणजे आयबीएस असं स्वतःच ठरवू नका. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर.
- गहू बंद करण्याआधी सिलिॲक आजाराची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केली, तर ती चुकीची नॉर्मल येऊ शकते.
- बंदीचा काळ 2 ते 6 आठवडे, आयुष्यभर नव्हे. फरक पडला नाही, तर हे डाएट तुमच्यासाठी नाही. सगळ्यांना याचा उपयोग होत नाही.
- एका वेळी एकच पदार्थ परत सुरू करा. तीन दिवस माप थोडं थोडं वाढवा, वहीत लिहा, मधे पोटाला दोन-तीन दिवस विश्रांती द्या.
- शक्य असेल तर हे सगळं आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा. माझे चार किलो आठवा!

परत सुरू

बाईंच्या देखरेखीखाली मी एकेक पदार्थ परत आणला. पहिल्या दिवशी एक पोळी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. दोनपर्यंत पोट गप्प, तिसरीला तक्रार. म्हणजे पोळी आली परत! अर्धा कप दूध चाललं. वाटीभर चवळीने रात्र जागवली. लसणाची एक पाकळी पचते. कांदा मात्र दोन चमच्यांतच नापास झाला. पिठल्याची परीक्षा मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. छोटी वाटी पिठलं आणि भाकरी. पास! आईला फोन केला, तर तिला नोकरी लागल्यासारखा आनंद.

आता माझी यादी एका पोस्ट-इटवर मावते. कांदा नाही, उसळी बेताने, पोळ्या दोन. एवढंच. बाकी सगळं जग मला परत मिळालं. गेल्या महिन्यात लोणावळ्याच्या ट्रिपला गेले, बसने, खिडकीजवळच्या सीटवर बसून.

आणि हो, उन्हाळ्यात कोल्हापूरहून डबा आला. दोन किलोचा नाही, अर्ध्या किलोचा. खोबरं, तीळ, धने, बेताची मिरची, कांदा-लसूण काहीच नाही. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून आईने तिच्या गोल अक्षरात माझं नाव लिहिलंय. घरातल्या बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही म्हणे, म्हणून आधीच वेगळा काढून ठेवला होता. तिच्या फडताळात आता कांदा-लसूण मसाल्याच्या डब्याशेजारी या डब्याचीही जागा ठरली आहे.