सवड हवी तर सावड करा
लांबच्या रेल्वे सहलीचे नियोजन शेतीच्या कामात कसे बसवावे?



जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत, पण गाडीत बसायचे तर पुणे, कल्याण, नाशिक रोड किंवा मनमाड गाठावे लागते. त्यामुळे रेल्वेचा प्रवास म्हटले की आपल्याला मुलाची भरती, दवाखाना किंवा दूरचे लग्न एवढेच आठवते. केवळ आनंदासाठी आठ-दहा दिवस घराबाहेर पडावे, देश पाहावा, हा विचार शेतकऱ्याच्या घरात क्वचितच होतो.

गंमत पाहा. जून २०२५ मध्ये मुंबईहून शिवरायांच्या स्थळांसाठी खास पर्यटन गाडी निघाली. लोक पैसे भरून तिच्यात बसले आणि आपली शिवनेरी व भीमाशंकर पाहून गेले. लोक आपला मुलूख पाहायला येतात, मग आपण त्यांचा का पाहू नये?

विचारले की उत्तर ठरलेले असते, "साहेब, सवडच मिळत नाही." हे उत्तर खोटे नाही. गाईला रविवार नसतो आणि कांदा कुणासाठी थांबत नाही. पण या उत्तराची सर्वांत जास्त किंमत घरातील बाई मोजते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून पहाटेची आणि संध्याकाळची धार तिच्याकडे. माहेर, आळंदी, पंढरपूर आणि जेजुरी यांपलीकडचा मुलूख न पाहताच तिची पन्नाशी उलटते. म्हणून सहलीचे नियोजन पिकाच्या नियोजनासारखेच आधीपासून करावे. ते कसे, हे या लेखात सांगतो.

आधी फट शोधा, मग ठिकाण

शहरातील माणूस आधी ठिकाण ठरवतो आणि मग रजा काढतो. आपण उलटे चालावे. आपल्या पिकांच्या वेळापत्रकात दहा दिवसांची फट कुठे आहे ते आधी पाहावे.

कांदा करणाऱ्यांना अशा दोन फटी मिळतात. पहिली रोपाची. रब्बी कांद्याचे बी टाकल्यापासून रोप लागणीला यायला सहा ते आठ आठवडे लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकले, तर महिनाअखेरीस रोप तीन आठवड्यांचे होते. मर रोगाची मोठी भीती तोवर ओसरते. लागणीला अजून अवकाश असतो. निघण्यापूर्वी वाफ्यांची खुरपणी करून घेतली, तर मागे पाणी देणे आणि नजर ठेवणे एवढेच काम उरते. दुसरी फट कांदा बराखीत पडल्यानंतरची, म्हणजे मे महिन्यातील. पण त्या दिवसांत शाळांना सुट्टी, लग्नसराई आणि उत्तरेत कडक ऊन. गाड्याही भरलेल्या असतात. नाइलाज असेल तरच मे धरावा.

द्राक्षबागाईतदारांनी ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत घर सोडण्याचा विचार करू नये. माल गेल्यावर खरड छाटणीपूर्वी बागेला विश्रांती देतो, तीच विश्रांती आपणही घ्यावी. पश्चिमेकडील भात करणाऱ्यांना झोडणी उरकल्यावर डिसेंबरात मोकळीक मिळते. उन्हाळी टोमॅटोवाल्यांनी मार्च-एप्रिलच्या लागणीपूर्वीच फिरून यावे. कालव्याच्या पाण्यावर शेती असेल, तर आवर्तनाची चौकशी करूनच तारीख धरावी.

धारेसाठी सावड

शेतापेक्षा मोठा प्रश्न गोठ्याचा. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, तो म्हणजे सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. हीच रीत सहलीला लावावी. यंदा एका घराने फिरायला जावे आणि दुसऱ्याने त्याचा गोठा सांभाळावा. पुढच्या वर्षी उलट. यात उपकार कुणाचेच होत नाहीत आणि दोन्ही घरे देश पाहून येतात.

मात्र निघायच्या दिवशी किल्ली हातात देऊन मोकळे होऊ नका. गाय नवख्या हाताला पान्हा सोडत नाही. जो धार काढणार, त्याने आधी पाच-सहा दिवस तुमच्यासोबत गोठ्यात यावे. त्या दहा दिवसांत कोणती गाय विणार नाही ना, ते रेतनाच्या तारखेवरून पाहून ठेवा. लसीकरण बाकी असेल, तर काही दिवस आधीच उरकून घ्या. वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण मोजून ठेवा. कुठल्या गाईला किती, हे भिंतीवर खडूने लिहा. शेजारी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर आणि विजेचे वेळापत्रकही लिहा.

आपल्या भागात बिबट्याचे भय खरे आहे. घर ओस ठेवू नका, रात्री कुणीतरी मुक्कामाला असावे. शेळ्या-वासरे बंदिस्त गोठ्यात हवीत आणि अंगणातला दिवा चालू हवा. उसाला लागून वस्ती असेल, तर राखणदाराला अंधारात एकट्याने मोटार सुरू करायला पाठवू नका. दहा दिवस दिवसा मिळेल तेवढ्याच विजेवर भागवावे.

तिकीट: साठ दिवसांचा हिशेब

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवस उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली. म्हणजे २४ नोव्हेंबरला गाडीत बसायचे असेल, तर २५ सप्टेंबरच्या सकाळी ८ वाजता तिकीट काढायला सज्ज असावे. गौरी-गणपतीत घरातील सगळे जमतात, तेव्हाच बैठक मारून तारीख ठरवावी.

खालील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एका अर्जावर सहा जणांचीच नावे लिहिता येतात. आधारवर जसे नाव आणि वय आहे, तसेच लिहावे. घरातील तरुण मोबाईलवरून तिकीट काढणार असेल, तर त्याने आपले खाते आधारशी आधीच जोडून ठेवावे. आरक्षण उघडते त्या वेळी तसे खाते लागते.

ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ मिळावा अशी सोय आहे. गुडघेदुखीच्या आजीसाठी ती जरूर मागावी.

पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे, घेतल्यास पूर्ण. दोन रात्रींच्या प्रवासात दहा वर्षांच्या मुलाला बर्थ घ्यावाच. नाहीतर तो झोपतो आणि आई बसून राहते.

प्रतीक्षा यादीतील तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. "बसून घेऊ, पुढे बघू" हा विचार सोडावा. दुसऱ्याच्या नावावरचे "हमखास" तिकीट विकणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

जाण्याचे आणि येण्याचे तिकीट दोन्ही पक्के झाल्याशिवाय मुक्कामासाठी पैसे भरू नयेत.

एक नमुना: दहा दिवसांची उत्तरेची सहल

नोव्हेंबरअखेरची फट धरून एक आराखडा देतो. या दिवसांत पंजाबात हवा थंड व प्रसन्न असते. डिसेंबरच्या मध्यानंतर तिकडे दाट धुके पडून गाड्या तासन् तास उशिरा धावतात, म्हणून त्याआधीच परतावे.

पहिल्या दिवशी आळेफाट्याहून संगमनेर, कोपरगाव करत मनमाड गाठावे आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस धरावी. या गाडीच्या प्रवाशांना वाटेतील काही स्टेशनांवर शीख बांधव मोफत लंगर देतात. म्हणून ताट-वाटी हाताशी ठेवावी. दुसऱ्या दिवशी रात्री गाडी अमृतसरला पोहोचते. तेथे तीन दिवस राहावे.

सुवर्णमंदिरात डोके झाकून, जोडे काढून, पाय धुऊन आत जातात. तंबाखू, मिश्री, विडी काहीही जवळ बाळगू नये. लंगरात सर्वांसोबत पंगतीला बसावे आणि जमल्यास दोन घटका पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला हात लावावा. शेजारीच जालियनवाला बाग आहे. १३ एप्रिल १९१९ च्या गोळीबाराच्या खुणा तेथील भिंतींवर आजही दिसतात. सायंकाळी अटारी सीमेवर ध्वज उतरवण्याचा सोहळा होतो. जाण्यापूर्वी त्या दिवसाची चौकशी करावी.

एक दिवस घुमानसाठी राखावा. गुरुदासपूर जिल्ह्यातील हे गाव संत नामदेवांच्या वास्तव्याने ओळखले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. वारकऱ्याच्या घरातील माणसाला इतक्या दूर आपल्या नामदेवांचे नाव ऐकू आले, की कसे वाटते ते तिथे जाऊनच कळेल. वाटेत डोंगराचे नाव नाही. भात निघालेल्या सपाट रानात गव्हाची पेरणी चाललेली दिसेल. गाडी थांबवून बांधावर उभे राहा, चार शब्द बोला. पण वही-पेन काढू नका. ही सहल आहे, अभ्यासदौरा नव्हे.

सहाव्या दिवशी रेल्वेने पानिपतला यावे. तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास झाली. गावाबाहेर काला आंब येथे तिचे स्मारक आहे. बोलताना आपण सहज "पानिपत झाले" म्हणून जातो. ते रान मुलांना एकदा दाखवावे. सातव्या दिवशी स्मारक पाहून दिल्लीमार्गे आग्रा गाठावे आणि आठव्या दिवशी ताजमहाल पाहावा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून वार आधीच मोजून घ्यावा. त्याच संध्याकाळी गोवा एक्सप्रेसने निघाले, की नवव्या दिवशी पुणे येते. गाडीला उशीर झाला, तर दहावा दिवस हाताशी आहे. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या तिकीट काढताना पुन्हा पाहाव्यात.

यात दिल्ली, वैष्णोदेवी, हरिद्वार घुसवण्याचा मोह होईल. तो आवरावा. रोज नवे गाव धरले, की सहल राहत नाही, नुसती धावपळ होते.

पैसा आणि शिदोरी

सहलीसाठी कर्ज काढू नये आणि पीककर्जाला हात लावू नये. वर्षभर दुधाच्या दर दहा दिवसांच्या पगारातून ठरावीक रक्कम घरधनिणीच्या खात्यात वेगळी टाकावी. भाडे, मुक्काम, स्थानिक गाडी आणि जेवण असे चार भाग करून हिशेब मांडावा. शिवाय अडीनडीसाठी पाचवा भाग राखून ठेवावा.

पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे पुरेसे होतात. स्टोव्ह किंवा गॅस गाडीत नेण्यास मनाई आहे, आणि नेण्याचे कारणही नाही. दहा दिवस बाईच्या हातात पोळपाट-लाटणे येऊ नये, यासाठीच तर निघायचे. उबदार कपडे, रोजची औषधे आणि आधारची मूळ प्रत विसरू नये. सामान प्रत्येकाला स्वतः उचलता येईल एवढेच असावे. प्रवासात अडचण आली, तर १३९ या क्रमांकावर फोन करावा.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सावडीच्या घरी जावे. अमृतसरची पापड-वडी द्यावी, पाहिलेले सांगावे आणि त्यांची पुढच्या वर्षीची तारीख तिथेच बसून ठरवून टाकावी. कारण सवड वाट पाहून मिळत नाही, ती दोन घरांनी मिळून काढावी लागते. यंदा कांद्याचे बी टाकाल, त्या दिवशी कॅलेंडरवर आणखी एका तारखेला खूण करा. रोप वाफ्यात वाढेल, शेजारी धार काढील, आणि तुम्ही सहकुटुंब खिडकीशी बसून देश पाहाल.