भूदोष संरक्षक, सुवाह्य

विद्युत् उपकरणातून जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तत्काळ खंडित करणारे आणि भिंतीवरील सॉकेटमध्ये हवे तेथे लावता येणारे साधन. जुन्या तारजोडणीत किंवा भाड्याच्या घरात स्थायी संरक्षण नसल्यास स्नानगृह, अंगण इ. ओलसर जागी याचा उपयोग होतो.

फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका वलयाकार गाभ्यातून नेलेल्या असतात. जाणारा व परतणारा प्रवाह सारखा असेपर्यंत गाभ्यावरील वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होत नाही. काही प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला की समतोल ढळतो व संपर्क तुटतात. वितळतारेने हे साधत नाही. ती कित्येक अँपिअरला वितळते, तर सु. ०·१ अँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डॅल्झील यांच्या प्रयोगांत, हातातील विद्युत् भारित वस्तू सोडून देता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ व स्त्रियांत १०·५ मिलिअँपिअर आढळली. अमेरिकेत व्यक्तिरक्षणासाठीचे साधन ६ मिलिअँपिअर गळतीला तुटावेच लागते. भारतात याच हेतूसाठी ३० मिलिअँपिअर ही मर्यादा रूढ आहे.

निवड करताना विद्युत् दाब प्रथम पाहावा. अमेरिकेतील १२० व्होल्टचे साधन भारतातील २३० व्होल्टवर वापरू नये. पुरवठ्याची न्यूट्रल तार तुटली, तर साध्या इलेक्ट्रॉनीय साधनाची संवेदक यंत्रणा बंद पडते. फेज मात्र चालूच राहते. म्हणून अशा वेळी आपोआप उघडणारे साधनच घ्यावे. करवत, छिद्रक इत्यादींसाठी वीज परत आल्यावर हाताने चालू करावा लागणारा प्रकार योग्य असतो. साधन विस्तारक तारेच्या भिंतीकडील टोकास लावावे, म्हणजे संपूर्ण तार संरक्षित होते.

माणसाने जमिनीपासून अलग राहून फेज व न्यूट्रल यांना एकदम स्पर्श केल्यास प्रवाहाचा समतोल ढळत नाही व साधन काम करत नाही. ते भूयोजनाला पर्यायही नव्हे. प्रत्येक वापरापूर्वी चाचणीची कळ दाबून पाहावी. पुरवठा न तुटल्यास ते साधन वापरातून काढून टाकावे.