एफएमजीईत नापास झालात, तरी एमडीचा रस्ता बंद नाही

चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारे वडील कर्ज काढून मुलीला एमबीबीएससाठी जॉर्जियाला पाठवतात. ती सहा वर्षांनी परतते, परदेशात एमबीबीएस केलेल्यांसाठीची एफएमजीई ही परीक्षा देते आणि १४९ गुणांवर अडकते. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. एका गुणाचीही सूट नाही. घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

पण हे नापास होणं कपाळावर कोरलं जात नाही, हे आधी घरच्यांनी समजून घ्यावं. २००२ पासूनची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बहुतेक वेळा तिघांतले दोघे तरी नापास होतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये.

पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, मग नीट पीजी. एमडी-एमएसची जागा नीट पीजीच्या क्रमांकावर मिळते. एफएमजीई कितव्या प्रयत्नात सुटली, हे त्यात धरलं जात नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथे यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतलं अपयश गुणपत्रकावर दिसतं आणि एका टप्प्याला चारच प्रयत्न मिळतात. आपल्याकडे पदव्युत्तर जागा पिंपरीतच, महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयातही आहेत.

मधल्या काळात ‘अनुभव मिळेल’ म्हणून कुणाच्या दवाखान्यात रुग्ण तपासू नका. नोंदणीशिवाय डॉक्टरकी केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.