ओटीपी कुणाच्या खिशात?

दुपारची भांडी आवरून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज आम्ही बचतीवर बोलणार नाही आणि आंबापोळीच्या दरावरही बोलणार नाही. आज आपल्या मोबाइलवर बोलायचं आहे. खरं तर जो आपल्या हातात नाही, त्या मोबाइलवर.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. भातकापणीची घाई होती, तरी आमच्या एका गटाची बैठक लावावीच लागली, कारण लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. अकरा जणी आल्या. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनवर चालतो तो फोन कुणाकडे आहे, असं आम्ही एकेकीला विचारलं. चौघींकडे स्वतःचा होता. तिघींचा नंबर मुंबईत, नवऱ्याच्या खिशात. दोघींचा मुलाकडे पुण्याला. एकीचा नंबर कधीच बंद पडलेला. आणि एका आजीच्या आधारला जो नंबर होता, तो कुणाचा हेच तिला माहीत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात आधारचं शिबिर झालं, तेव्हा फॉर्म भरणाऱ्यानं कुणाचा तरी टाकून दिला होता.

त्यातली एक वहिनी रेंज मिळावी म्हणून सड्यावर जाऊन उभी राहिली. नवऱ्याला फोन लावला. तो कामावर, फोन कपाटात. त्यानं संध्याकाळी आकडा सांगितला तोवर त्या आकड्याची दहा मिनिटं कधीच संपली होती. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "पैसे माझे, आधार माझं, नि चावी मुंबयला." तिचं हे बोलणं आमच्या डोक्यातून गेलं नाही.

ओटीपी म्हणजे खरोखर चावीच. एकदाच चालणारा आकडा. तुमचं आधार कुठे वापरायचं असलं की आधारची यंत्रणा तो आकडा आधारला जोडलेल्या नंबरवर पाठवते. ज्याच्या हातात तो फोन, त्याच्या हातात चावी. आधार कार्ड पत्र्याच्या पेटीत कितीही जपून ठेवलं तरी नंबर दुसऱ्याचा असेल तर कुलूप तो उघडणार.

आता ही चावी इतकी महत्त्वाची का झाली ते सांगतो. लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये, थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. ऑगस्टमध्ये राखीच्या सुमाराला पहिले पैसे आले. मग १८ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं आदेश काढला की प्रत्येकीनं दोन महिन्यांत ई-केवायसी करायचं. पुढे ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी तर हवाच, शिवाय लग्न झालेलीला नवऱ्याच्या आणि लग्न न झालेलीला वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा. उत्पन्न कुटुंबाचं मोजायचं म्हणून हे, असं कारण.

मग ज्यांचा नवरा गेला आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचं? ज्यांना नवऱ्यानं टाकलंय, त्यांनी ओटीपीसाठी त्याच्याच दारात जायचं? आमच्या गटातल्या दोन विधवा बायका पडद्यावरची ती रिकामी चौकट बघत बसल्या. पुढे नोव्हेंबरात सरकारनं वाट काढली. अशा बायकांनी स्वतःचं ई-केवायसी करायचं आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. वाट निघाली हे चांगलंच झालं. पण गावात विधवा असतात, एकट्या राहणाऱ्या असतात, हे काही नोव्हेंबरात कळायची गोष्ट नव्हती. कुठल्याही वाडीतल्या अंगणवाडी सेविकेला आधी विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं तिनं.

इथे कुणी म्हणेल, तपासणी नको का? हवी. आमचंही तेच मत आहे. २०२५ च्या जुलैत बातमी आली की बायकांच्या या योजनेचे पैसे १४ हजारांवर पुरुषांनी घेतले. ते पैसे आपल्याच घामातले. चहाची पूड घेताना, साबण घेताना आपण कर भरतो. तेव्हा खोट्या नावांना चाळणी लागलीच पाहिजे. आणखी एक कबूल करायला हवं. थेट खात्यात पैसे येण्यानं आपलं भलं झालंय. पूर्वी कुठल्याही योजनेचे पैसे हातोहात यायचे आणि प्रत्येक हाताला थोडे चिकटायचे. आज बाईच्या नावावर खातं आहे, पासबुकात आकडा आहे. तंत्रज्ञानाला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. आमच्या गटांचे हिशोबही आता मोबाइलवर होतात.

आमचं म्हणणं एवढंच की ही चाळणी कुणाला बघून विणली? प्रत्येक बाईकडे स्वतःचा फोन आहे, तो चालू आहे, त्याला रेंज आहे, तिला वाचता येतं आणि नवरा शेजारी बसलाय, असं धरून ती विणली. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या ५४ जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका उधारीच्या फोनवर. आणि ज्या जिल्ह्याची निम्मी घरं मुंबईच्या पगारावर उभी आहेत, तिथे नवरा शेजारी कुठून असणार? तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. योजनेची मुदत काही गणपती बघून पडत नाही.

ओटीपी नको तर अंगठा द्या, असंही सांगतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठाच लागतो. पण आपल्याकडच्या काजू कारखान्यात बसणाऱ्या बाईचे हात बघा. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी जळते, सोलते, रेषा पुसट होतात. मिरकरवाड्यावर मासळी साफ करणारीचे हात दिवसभर मिठाच्या पाण्यात. साठीच्या पुढच्या आजीच्या बोटांवर तर रेषाच उरत नाहीत. यंत्र म्हणतं, ही बाई ती बाई नाही. जिनं आयुष्यभर काम केलं, तिच्या कामानंच तिची ओळख पुसली, आणि शिक्षाही तिलाच.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. आधार चालवणाऱ्या प्राधिकरणानंच २४ ऑक्टोबर २०१७ ला परिपत्रक काढून सांगितलंय की अंगठा जुळला नाही म्हणून रेशन किंवा कुठल्या योजनेचा लाभ नाकारायचा नाही. दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची आणि त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. तेव्हा दुकानात कुणी "अंगठा येत नाही, पुढच्या महिन्यात या" म्हणालं, तर शांतपणे म्हणायचं, "मग वहीत लिहून धान्य द्या." एकटीनं म्हणायला धीर होत नसेल तर चौघी मिळून जा. गट कशासाठी आहे?

रेंजचं म्हणाल तर दापोली-मंडणगडच्या बायकांना सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. काही गावांत कित्येक दिवस अंधार होता. तेव्हा कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाचं छप्पर उडालं, कुणाकडे तांदूळ नाही, ही यादी गावातल्या माणसांनी पायी फिरून कागदावर केली. जिथे वादळ पुन्हा येणारच आहे, तिथे कागद आणि माणूस मोडीत काढून चालणार नाही.

आणि शेवटी झालंही तेच. ई-केवायसीत घरातल्या सरकारी नोकरीविषयी एक प्रश्न होता. त्याची भाषा अशी की 'हो' म्हणायचं की 'नाही', हे शिकलेल्यांनाही कळेना. कितीतरी बायकांचं उत्तर उलटं गेलं. मग २०२६ च्या जानेवारीत सरकारला अंगणवाडी सेविकांमार्फतच पडताळणी करायला सांगावं लागलं. फिरून फिरून काम तिच्याच दारात आलं. आधीच तिच्याकडे दिलं असतं, आणि त्या कामाचा मोबदला नीट दिला असता, तर आपल्या बायकांची इतकी पायपीट झाली नसती.

आता आपण काय करायचं? सरकार बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या हातात आहे ते आधी करू.

पहिलं, स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घ्या. ओटीपीला महागडा फोन लागत नाही, बटणांचा साधा फोन पुरतो. इंटरनेटचं रिचार्जही लागत नाही. दूरसंचार नियामकानं २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना सांगितलंय की फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं रिचार्ज ठेवायलाच हवं. दुकानदार आपणहून ते दाखवत नाही, आपण नाव घेऊन मागायचं. आणि सिम नुसतं डब्यात ठेवू नका. तीन महिने वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग आपल्या आधारची चावी अनोळखी माणसाकडे जाते.

दुसरं, तो नंबर आधारला जोडून घ्या. आधार केंद्रावर होतं, पोस्टातही होतं. पोस्टमनकडे यंत्र असेल तर तो घरी येऊनही करतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये आहेत. आमच्यातल्या एकीकडून एका केंद्रावर ३०० घेतले आणि पावती दिली नाही. पावती मागायची, बायांनो. पावती नाही तर पैसे नाहीत.

तिसरं, बँकेत जाऊन एक नेमका प्रश्न विचारा. "माझं आधार खात्याला लागलंय का" एवढंच विचारू नका. "सरकारी पैशांसाठी, डीबीटीसाठी, माझं आधार याच खात्याला आहे का?" असं विचारा. खाती दोन-तीन असली तरी सरकारी पैसे एकाच बँकेत जातात, जिथे आधार शेवटचं जोडलं तिथे. कितीतरी बायका म्हणतात पैसे आले नाहीत. ते आलेले असतात, पण विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात.

चौथं, ओटीपी कुणाला फोनवर सांगू नका. बँकेचा माणूस कधी ओटीपी विचारत नाही. योजनेच्या नावासारखी नावं घेऊन खोटी संकेतस्थळंही निघाली होती. महाराष्ट्र सरकारच्या खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तेवढं मुलाला, मुलीला बघायला सांगा. आणि पैसे गेलेच तर लाजून बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितके पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

स्वतःचं सिम घ्या म्हटलं की घरात कुरबूर होते, हे आम्हाला ठाऊक आहे. "तुला कशाला वेगळा नंबर? माझा आहे ना." आमच्या वहिनीला नवऱ्यानं हेच विचारलं. ती म्हणाली, "तुमचा आहे म्हणूनच." तो दिवाळीला गावी आला तेव्हा दोघं मिळून पोस्टात गेली आणि नंबर बदलून आली. तिनं भांडण केलं नाही. तीन दिवस सड्यावर उभी राहिले, एवढंच त्याला सांगितलं. त्यालाही ते पटलं. चावी मागणं म्हणजे घर फोडणं नव्हे.

हे झालं आपलं. आता मागायचं ते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायतीचा कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती नुसती कागदावर होते. ती खरी भरवा आणि तिथे ठराव मांडा. जी योजना मोबाइलवरून येईल, तिची कागदावरची वाटही गावातच असावी. अर्ज हातात घेणारं आणि पोच देणारं माणूस असावं. प्रश्न साध्या मराठीत असावेत. भातलावणी आणि कापणीच्या दिवसांत मुदत संपवू नये. यात कुणाच्या उपकाराची गोष्ट नाही, कुठल्या पक्षाचीही नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत, आधारचा फोन कुणाकडे? तुमच्याही गटात विचारा आणि आकडा वहीत लिहा. आमच्याकडे अकरांत चार होत्या, आता आठ झाल्यात. त्या आजीचं अजून राहिलंय. येत्या सोमवारी आम्ही तिला घेऊन पोस्टात जाणार आहोत. येते म्हणालीय.