लेकराचं पोट बेंबीपासून उजवीकडं सरकत दुखतंय? बेंबी बसवण्यात रात्र घालवू नका

परभणी : लेकराचं पोट दुखायला लागलं की आपल्याकडं कारण ठरलेलं असतं. बोरं जास्त खाल्ली, नाहीतर बेंबी सरकली. मग तेल लावून पोट चोळायचं, ओवा द्यायचा, एरंडेल पाजायचं. बहुतेक वेळा दुखायचं राहतंही. पण दुखणं अपेंडिक्सचं असलं तर हीच रात्र महागात पडते.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली करंगळीएवढी पोकळ शेपटी. तिचं तोंड बंद झालं की आत सूज येते, पू होतो आणि शेवटी ती फुटते. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांनंतर फुटण्याचा धोका वाढत जातो. पाच वर्षांखालच्या लेकरांना नेमकं सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यात ती फुटल्यावरच कळण्याचं प्रमाण जास्त असतं.

ओळखायचं कसं?

दुखणं आधी बेंबीभोवती, मग काही तासांनी उजवीकडं खाली. जेवण नको वाटतं, उलटी होते, बारीक ताप येतो. लेकरू वाकून चालतं, उडी मारत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की कळवळतं. सगळी लक्षणं दिसतीलच असं नाही. जोरात दुखणारं पोट एकदम थांबलं आणि नंतर ताप चढला, पोट फुगलं, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं.

मग ऑपरेशन लगेच रात्रीच करायचं का? दरवेळी नाही. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर सलाईन व अँटिबायोटिक सुरू करून २४ तासांच्या आत ऑपरेशन केलं तरी चालतं. फुटून गाठ झाली असेल तर कधी आधी पू काढतात आणि काही आठवड्यांनी ऑपरेशन करतात. म्हणून डॉक्टर "सकाळी करू" म्हणाले तर तो हलगर्जीपणा नव्हे. मात्र वाट बघायची ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, घरी नाही.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ असतीलच असं नाही. सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या गावांनी हे धरूनच निघावं. १०८ ला फोन करावा, जाण्याआधी दवाखान्यात विचारून घ्यावं. जुलाबाचं औषध देऊ नये, पोट चोळू वा शेकू नये, वाटेत खाऊ-पिऊ घालू नये. दुखणं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात.